कॉलम ब्रेकजवळ उरणारी शेडिंगची पट्टी कशी घालवावी

सोसायटीचं वार्तापत्र, शाळेचा वार्षिक अंक, मंडळाचा अहवाल. मजकूर दोन कॉलमांत लावायचा, एखाद्या सूचनेमागे किंवा अभिनंदनाच्या मजकुरामागे फिकट रंग द्यायचा आणि तो रंगीत चौकोन बरोबर दुसऱ्या कॉलमच्या माथ्यावर न्यायचा, इतकीच अपेक्षा असते. कॉलम ब्रेक, म्हणजे पुढचा मजकूर पुढच्या कॉलममध्ये ढकलणारी खूण, टाकला की चौकोन वर जातोही, पण पहिल्या कॉलमच्या तळाशी त्याच रंगाची एक रिकामी पट्टी उरते. ती निवडून पुसायला गेलं की ब्रेकच पुसला जातो आणि चौकोन पुन्हा खाली येतो. नवीन माणूस इथे हमखास अडतो, आणि शेवटी पट्टीवर पांढरा आयत काढून ती झाकतो. तो आयत पुढे मजकुरात दोन ओळी वाढल्या की भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो, म्हणून तो मार्ग नकोच. दुखणं कुठे आहे हे कळलं, तर उपाय पाच मिनिटांचा आहे.

आधी मायक्रोसॉफ्ट वर्डमधलं बघू, कारण बहुतेकांकडे तेच असतं. लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. तिथे ब्रेकची रचनाच निराळी असल्याने वर्डमधले उपाय तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पट्टी येते कुठून

वर्डमध्ये शेडिंग, म्हणजे मजकुरामागचा रंग, पूर्ण परिच्छेदाला लागतं. परिच्छेदातल्या प्रत्येक ओळीमागे, ओळीत काही दिसत असो वा नसो, रंग भरला जातो. कॉलम ब्रेक मात्र परिच्छेदाच्या आत बसलेलं एक अक्षर असतं, फक्त न दिसणारं. रंगीत परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून तुम्ही कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबता, तेव्हा ब्रेक हे त्या परिच्छेदाचं पहिलं अक्षर होतं. परिच्छेद मग पहिल्या कॉलममध्येच सुरू होतो, त्याच्या पहिल्या ओळीत एकटा ब्रेक असतो आणि उरलेला मजकूर दुसऱ्या कॉलममध्ये जातो. पहिली ओळही त्याच परिच्छेदाची, म्हणून तिच्यामागेही रंग. हीच ती पट्टी. परिच्छेदाला बॉर्डर दिली असेल, तर तिचा तुकडाही तिथे दिसतो.

म्हणजे वर्डचं काही बिघडलेलं नाही. ब्रेक चुकीच्या परिच्छेदात राहायला गेला आहे, त्याला तिथून हलवायचं आहे.

आधी चिन्हं उघडा

होम टॅबवर ¶ असं बटण आहे, ते दाबा. कीबोर्डवरून कंट्रोल+शिफ्ट+८. आता प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ¶ दिसेल आणि ब्रेकच्या जागी ठिपक्यांची रेघ व ‘कॉलम ब्रेक’ ही अक्षरं दिसतील. ही चिन्हं छापली जात नाहीत, त्यामुळे काम संपेपर्यंत ती उघडीच ठेवा. चिन्हं बंद ठेवून असली दुरुस्ती करणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

लांबलचक अंक असेल तर ब्रेक शोधायला वर्डचीच मदत घ्या. कंट्रोल+एच दाबून शोधायच्या चौकटीत कर्सर ठेवा, ‘मोअर’ उघडा, ‘स्पेशल’ या बटणातून ‘कॉलम ब्रेक’ निवडा आणि ‘फाइंड नेक्स्ट’ दाबत जा. प्रत्येक ब्रेकपाशी दोनच गोष्टी बघायच्या: हा ब्रेक कुठल्या ¶ च्या आधी आहे, म्हणजे कुठल्या परिच्छेदाचा आहे, आणि त्या परिच्छेदाला रंग आहे का.

ब्रेक कुठे हलवायचा

ब्रेकच्या आधीचा परिच्छेद साधा आणि नंतरचा रंगीत, हा प्रकार सर्वांत जास्त भेटतो. ठिपक्यांची रेघ निवडा, कंट्रोल+एक्सने कापा. वरच्या साध्या परिच्छेदाच्या शेवटी, त्याच्या ¶ च्या लगेच आधी कर्सर नेऊन कंट्रोल+व्हीने चिकटवा. आता ब्रेक साध्या परिच्छेदाचा झाला आणि पट्टी गेली. फक्त एक गोष्ट तपासा. त्या साध्या परिच्छेदाचा ¶ दुसऱ्या कॉलमच्या माथ्यावर एकटा जाऊन बसला असेल, तर रंगीत चौकोनाच्या वर एक कोरी ओळ दिसेल. तसं झालं तर थोडं खाली दिलेली ‘बारीक परिच्छेदा’ची युक्ती वापरा.

उलटा प्रकार, म्हणजे आधीचा परिच्छेद रंगीत आणि नंतरचा साधा. इथे ब्रेक रंगीत परिच्छेदाच्या शेवटी असेल तर तिथून कापा आणि साध्या परिच्छेदाच्या सुरुवातीला चिकटवा. पहिल्या कॉलमच्या तळाशी ब्रेकची एक ओळ राहील, पण तिला रंग नसल्याने ती कुणाला दिसणार नाही.

दोन्ही बाजूंना रंगीत परिच्छेद असतील, तर ब्रेक कुठेही हलवला तरी रंगातच राहणार. अशा वेळी त्याला स्वतःचा, बिनरंगी परिच्छेद द्यावा लागतो.

ब्रेकसाठी वेगळा बारीक परिच्छेद

माझ्या मते ज्यांच्या कामात कॉलम वारंवार येतात त्यांनी अशा परिच्छेदाची एक स्टाइल, म्हणजे नाव देऊन साठवलेलं फॉरमॅटिंग, एकदा करून ठेवावी आणि बाकी सगळे प्रकार विसरून जावेत. ती तिन्ही परिस्थितींत चालते.

१. दोन परिच्छेदांच्या मध्ये एंटर दाबून एक रिकामा परिच्छेद करा आणि कर्सर त्यात ठेवा.

२. कंट्रोल+शिफ्ट+एन दाबा. परिच्छेदाला ‘नॉर्मल’ स्टाइल लागेल. तरीही रंग उरला असेल तर तो हाताने दिलेला आहे, कंट्रोल+क्यू दाबल्यावर तो जाईल. कीबोर्ड मराठीवर असताना हे शॉर्टकट चालले नाहीत, तर तेवढ्यापुरता इंग्रजीवर आणा.

३. परिच्छेदाच्या सेटिंगची खिडकी उघडा. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ शून्य करा. ‘लाइन स्पेसिंग’मध्ये ‘एक्झॅक्टली’ निवडून शेजारी १ पॉइंट लिहा. काही जण फॉन्टचा आकार १ करतात, पण देवनागरीसाठी वर्ड आकाराची वेगळी नोंद ठेवतो, त्यामुळे आकार बदलूनही ओळ कधीकधी उंचच राहते. ‘एक्झॅक्टली’ दिलं की फॉन्ट कुठलाही असो, ओळ १ पॉइंटचीच.

४. हा परिच्छेद निवडून त्यावरून नवी स्टाइल करा. नाव ‘कॉलम तोड’ असं काहीतरी ठेवा, म्हणजे दुसरा कुणी फाइल उघडेल त्यालाही कळेल.

५. या परिच्छेदात कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबा.

ब्रेक आता १ पॉइंट उंचीच्या, बिनरंगी ओळीत बसला. त्याचा ¶ पुढच्या कॉलमच्या माथ्यावर गेला तरी १ पॉइंटची जागा डोळ्यांना जाणवत नाही.

हे केल्यावर रंगीत चौकोन दुसऱ्या कॉलममध्ये किंचित खाली सरकलेला दिसला, तर गोंधळू नका. त्या परिच्छेदाला ‘स्पेसिंग बिफोर’ दिलेलं असणार. आधी ब्रेक त्याच्याच पोटात होता, त्यामुळे ती जागा पहिल्या कॉलममध्ये खर्ची पडत होती. आता ती चौकोनाच्या वर येते. ‘बिफोर’ शून्य करा, दोन्ही कॉलमांचे माथे एका रेषेत येतील.

लांब रंगीत परिच्छेद मधोमध तुटत असेल

कधी रंगीत मजकूरच इतका लांब असतो की अर्धा डाव्या कॉलममध्ये आणि अर्धा उजव्यात ठेवावा लागतो. मधोमध ब्रेक टाकण्यापेक्षा वाक्य जिथे पूर्ण होतं तिथे एंटर दाबून त्याचे दोन परिच्छेद करा आणि मध्ये ‘कॉलम तोड’चा परिच्छेद घाला. दुसऱ्या भागाच्या पहिल्या ओळीला आपोआप मिळालेला इंडेंट, म्हणजे कडेपासून आत सोडलेली जागा, काढून टाका, नाहीतर वाचणाऱ्याला तिथे नवा मुद्दा सुरू झाल्यासारखं वाटतं.

चौकोन तोडायचाच नसेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमधला ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ हा टॅब उघडून ‘कीप लाइन्स टुगेदर’वर टिक करा. परिच्छेद एकसंध राहील आणि जागा पुरत नसेल तर सगळाच्या सगळा पुढच्या कॉलममध्ये जाईल. चौकोनात दोन-तीन परिच्छेद असतील तर शेवटचा सोडून बाकीच्यांना ‘कीप विथ नेक्स्ट’ही द्या.

ब्रेक नसलेला बरा

हा पर्याय लोक फार कमी वापरतात, म्हणून इथे जरा थांबतो. ‘कीप विथ नेक्स्ट’ आणि ‘कीप लाइन्स टुगेदर’ पानाप्रमाणेच कॉलमलाही लागू होतात. रंगीत पट्टीवर शीर्षक आणि खाली मजकूर अशी रचना असेल, तर शीर्षकाच्या स्टाइलमध्येच ‘कीप विथ नेक्स्ट’ देऊन ठेवा. शीर्षक कॉलमच्या तळाशी एकटं कधीच राहणार नाही आणि ब्रेकही लागणार नाही. हाताने टाकलेला ब्रेक आजच्या मजकुरापुरता बरोबर असतो. उद्या अध्यक्षांच्या मनोगतात चार ओळी वाढल्या की तोच ब्रेक नको तिथे कॉलम तोडतो.

त्यातून एक वेगळाच घोटाळा होतो. कॉलम अगदी तळापर्यंत भरलेला असताना ब्रेकच्या ओळीला जागा उरत नाही, ती ओळ पुढच्या कॉलममध्ये जाते आणि तिथून मजकूर त्याच्याही पुढे ढकलते. एक आख्खा कॉलम कोरा दिसतो, किंवा त्याच्या माथ्यावर फक्त रंगाची पट्टी असते. अशा वेळी ब्रेक पुसून टाका. कॉलम आपसूक भरला आहे, ब्रेकची गरजच संपली आहे.

एखादा भाग नेहमी नव्याच कॉलमपासून सुरू व्हायला हवा असेल, तर सेक्शन ब्रेक, म्हणजे मजकुराचे वेगळ्या मांडणीचे भाग पाडणारी खूण, अधिक भरवशाचा. ‘लेआउट’, ‘ब्रेक्स’, ‘कंटिन्युअस’ या मार्गाने तो टाका. मग कर्सर नव्या भागात ठेवून पेज सेटअपच्या खिडकीतल्या ‘लेआउट’ टॅबवर ‘सेक्शन स्टार्ट’समोर ‘न्यू कॉलम’ निवडा. दोन्ही भागांत कॉलमांची संख्या सारखीच ठेवा. सेक्शन ब्रेकची रेघ एखाद्या रंगीत रिकाम्या ओळीवर बसलेली दिसली, तर त्या ओळीला नॉर्मल स्टाइल द्या. शेवटच्या पानावर दोन्ही कॉलम सारख्या उंचीचे हवे असतील, तर मजकुराच्या अगदी शेवटी एक ‘कंटिन्युअस’ सेक्शन ब्रेक टाका, वर्ड ते समान करून देतो.

रंगीत मजकूर एका खान्याच्या टेबलात ठेवणारेही बरेच आहेत, आणि छोट्या चौकोनासाठी ते चांगलं आहे. खान्याच्या कडांपासून मजकूर किती आत ठेवायचा ते नीट ठरवता येतं. पण टेबलाच्या आत असताना कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबू नका. तिथे त्याने कॉलम तुटत नाही, टेबलाचेच दोन तुकडे होतात.

रंगाच्या कडा विचित्र दिसत असतील

ब्रेक जागेवर आला तरी कधी रंग फक्त अक्षरांमागे दिसतो आणि ओळी संपतील तशी उजवी कड दातेरी होते. परिच्छेदातला काही भाग निवडून रंगाच्या बादलीवर क्लिक केलं की वर्ड तो रंग परिच्छेदाला न देता तेवढ्या अक्षरांना देतो. मजकूर निवडून कंट्रोल+स्पेसबारने तो काढा, पण ठळक किंवा तिरकी केलेली अक्षरंही यामुळे साधी होतील हे लक्षात ठेवा. मग काहीही न निवडता कर्सर नुसता परिच्छेदात ठेवून बादलीतून रंग द्या. हायलाइटरने दिलेला रंग मात्र कंट्रोल+स्पेसबारने जात नाही, तो हायलाइटच्याच बटणातून ‘नो कलर’ निवडून काढावा लागतो.

बॉर्डर दिलेला रंगीत चौकोन कॉलमच्या बाहेर डोकावतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. ए४ कागदावर चारही बाजूंना २.५४ सेंमी समास आणि दोन कॉलमांत १.२७ सेंमी अंतर असेल, तर प्रत्येक कॉलम सुमारे ७.३ सेंमी रुंद मिळतो. वर्ड बाजूच्या बॉर्डर मजकुरापासून ४ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.१४ सेंमी, बाहेरच्या बाजूला काढतो. १.२७ सेंमीच्या अंतरात ते खपून जातं. पण जागा वाचवायला तुम्ही अंतर ०.५ सेंमीवर आणलं आणि दोन्हीकडे समोरासमोर चौकोन आले, तर मध्ये जेमतेम ०.२ सेंमी उरतं, आणि मधली उभी रेघ चालू असेल तर चौकोन जवळपास तिला टेकतात. त्या परिच्छेदांना डावीकडून आणि उजवीकडून ०.१५ सेंमी इंडेंट द्या, बॉर्डर कॉलमच्या आत येईल. एका चौकोनातल्या सगळ्या परिच्छेदांचे इंडेंट आणि बॉर्डर अगदी सारखे ठेवा. एकाचाही इंडेंट वेगळा असला की वर्ड त्याचा वेगळा चौकोन करतो. चौकोनात बुलेटची यादी घातली की नेमकं हेच होतं, आणि तिथे एका खान्याचं टेबल खरंच कामी येतं.

हे सगळं प्रत्येक चौकोनाला हाताने करत बसू नका. ‘रंगीत सूचना’ अशी एक स्टाइल करून रंग, बॉर्डर, इंडेंट, ‘कीप लाइन्स टुगेदर’ सगळं तिच्यातच ठेवा. पुढच्या अंकाला रंग बदलायचा झाला तर स्टाइल एकदा बदलली की सगळे चौकोन बदलतील.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये

रायटरमध्ये कॉलम ब्रेक हे अक्षर नसतं, ती परिच्छेदाची सेटिंग असते: या परिच्छेदाच्या आधी कॉलम तोडायचा. त्यामुळे वर्डसारखी अर्धी ओळ मागे राहण्याचा प्रश्न येत नाही. तरीही पट्टी दिसते, आणि तिचं कारण वेगळं आहे. रंगीत परिच्छेदाच्या सुरुवातीला कर्सर ठेवून कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबलं की रायटर आधी परिच्छेद तोडतो, म्हणून मागे एक रिकामा पण रंगीत परिच्छेद उरतो. कंट्रोल+एफ१० ने चिन्हं उघडा, त्या रिकाम्या परिच्छेदात कर्सर ठेवा आणि कंट्रोल+एम दाबून हाताने दिलेलं फॉरमॅटिंग काढा. रंग स्टाइलमधून येत असेल तर एफ११ ने स्टाइलची यादी उघडून साधी स्टाइल लावा.

पट्टी मुळात येऊच नये असं वाटत असेल तर शॉर्टकट न वापरता रंगीत परिच्छेदात कर्सर ठेवून ‘फॉरमॅट’, ‘पॅराग्राफ’, ‘टेक्स्ट फ्लो’ इथे जा. ब्रेकच्या भागात ‘इन्सर्ट’वर टिक करा, प्रकार ‘कॉलम’ आणि जागा ‘बिफोर’ निवडा. काहीही मागे उरत नाही. ब्रेक काढायचा असला तरी इथेच येऊन टिक काढायची.

परिच्छेदाचा रंग रायटरमध्ये ‘एरिया’ या टॅबवर असतो. बॉर्डर दिलेल्या लागोपाठच्या परिच्छेदांमध्ये फट दिसली, तर ‘बॉर्डर्स’ टॅबवर ‘मर्ज विथ नेक्स्ट पॅराग्राफ’ चालू आहे का ते पाहा. इंडेंट, बॉर्डर आणि सावली सारखी असेल तरच ते जुळतात.

छापायला देण्याआधी

तुमच्या संगणकावर जुळवलेले ब्रेक प्रेसच्या संगणकावर बिघडतात, याचं मुख्य कारण फॉन्ट. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट प्रत्येक संगणकावर आपोआप असतीलच असं नाही, ते देवनागरीच्या पूरक फॉन्टमध्ये टाकलेले आहेत. निर्मला मात्र विंडोजसोबतच येतो. तुमचा फॉन्ट तिथे नसेल तर दुसरा फॉन्ट लागतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वाढतात आणि भरलेल्या कॉलमचा वर सांगितलेला घोटाळा होतो. म्हणून प्रेसला आणि व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफच पाठवा. वर्डची फाइल द्यावीच लागली तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’ विभागात फॉन्ट फाइलमध्येच ठेवण्याची सोय आहे, ती चालू करा.

शेडिंगचा रंग फिकट ठेवा. अंक झेरॉक्सवर निघणार असेल तर पांढऱ्यापेक्षा ५ टक्के गडद करडा पुरे, फार तर १५. त्यापुढे छापताना रंगाचे ठिपके होतात आणि छोट्या टाइपातले अनुस्वार, रफार त्या ठिपक्यांत हरवतात. रंगीत चौकोनातल्या मजकुराला ‘एक्झॅक्टली’ लाइन स्पेसिंग दिलं असेल तर वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जात नाहीत ना तेही पाहा. कापल्या जात असतील तर ‘ॲट लीस्ट’ निवडा. मग सगळा अंक छापण्याआधी चौकोन असलेलं एक पान काढा आणि त्याच पानाची त्याच यंत्रावर झेरॉक्स घ्या, कारण करडा रंग प्रत्येक प्रतीत थोडा गडद होतो आणि सभासदांच्या हातात मूळ पान नव्हे, ही प्रतच जाणार असते.